गाडीवाट

सूर्यभानची बैलगाडी पाडव्यापासून सहादेवच्या दारात उभी होती, आणि घरातून बाहेर पडायचं म्हणजे सहादेवला तिला वळसा घालावा लागत होता. आता दुसऱ्याची गाडी आपल्या दारात उभी राहिली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. शेजारधर्म आहे. पण हा बाबा सकाळी चहाची कपबशी घेऊन ओट्यावर यायचा आणि मुद्दाम गोठ्याकडं तोंड करून बसायचा. म्हैस काही बघण्यासारखी नव्हती. गाडी बघवत नव्हती, एवढंच.

ती गाडी तिथं का, ते आधी सांगितलं पाहिजे.

आपल्या नगर जिल्ह्याची तऱ्हाच निराळी. वर उत्तरेला कॅनॉल, ऊस, साखर कारखाने. आणि खाली आमच्या कर्जतच्या अंगाला पाऊस येतो तो जणू तोंड दाखवायला. वर ऊस पिकतो आणि तो तोडायला माणसं खालून जातात. सूर्यभान आणि रंगुबाई हे त्यातलंच जोडपं. ओढ्याकाठी चार एकर रान, रानातच पत्र्याची वस्ती, दोन बैल आणि ही गाडी. दसरा झाला की भांडीकुंडी, कोंबड्या, चुलीचं सरपण सगळं गाडीवर चढायचं आणि वस्तीच्या दाराला कडी लागायची. गुढीपाडव्याच्या आगेमागे परत.

त्यांच्या वस्तीवर जायची वाट सहादेवच्या दाराशेजारून निघायची. पहिल्यांदा आप्पासाहेबाच्या रानाच्या कडेनं, मग ओढा, मग वस्ती. आप्पासाहेब म्हणजे सहादेवचा सख्खा चुलतभाऊ. माणूस वाईट नव्हता, पण रान एकसंध असावं ही त्याला भारी हौस. गेल्या हिवाळ्यात त्यानं कांद्यासाठी ट्रॅक्टर लावला आणि रानाबरोबर वाटही नांगरून टाकली. सूर्यभान-रंगुबाई तेव्हा कुठल्या तरी कारखान्यावर ऊस तोडत होते. सहादेव ओट्यावर बसून बघत होता. नांगर वाटेवर चढला तेव्हा उठून एक हाक मारावी असं त्याला वाटलं होतं. पण तो उठला नाही. म्हणाला, आपल्याला काय करायचंय, ते आले म्हणजे आप्पा देईल सोडून.

पाडव्याला ते आले. गाडी सहादेवच्या दारापाशी थांबली, कारण पुढं कांदा होता. रंगुबाई खाली उतरली, डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "भाऊ, वाट कुठं गेली?"

"आप्पाला इचार," सहादेव म्हणाला.

"इचारते. तवर गाडी ऱ्हाऊ दे तुमच्या दारात."

ही रंगुबाई सहादेवच्या आजोळच्या गावची. तिला सख्खा भाऊ नव्हता. या गावात नवी नवरी म्हणून आली त्या वर्षापासून ती सहादेवला ओवाळत आलेली. भाऊबीजेला ती उसाच्या फडात असायची, म्हणून जायच्या दिवशीच ओवाळून जायची. सहादेवची बायको रतनबाई तिला गमतीनं म्हणायची, "आमच्याकडं भाऊबीज दिवाळीच्या आधी येते बाई." असं ते नातं होतं. कागदावर नसलेलं, पण त्या वाटेसारखंच वापरातलं.

आणि वाटेचा हक्क आपल्याकडं वापरावरच ठरतो. नकाशात असली तर उत्तम. पण निम्म्या वाटा नकाशात नसतातच. मग वहिवाट बघतात, कोण किती वर्षं तिथून गेलं ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारतात. ही गावाची जुनी रीत सरकारनंही धरून ठेवली, ते बरंच केलं. जमीन दुसऱ्याची असली तरी तुमच्या पायांचा तिच्यावर हक्क चालतो, ही काय लहान गोष्ट आहे? पण जो माणूस निम्मं वर्ष परमुलखात असतो, त्याचे पाय त्या निम्म्या वर्षात कुठं दिसणार? हे कलम कुणी लिहिलेलं नाही.

आप्पासाहेबानं वाट सोडली नाही. "पायी जा की, कोन अडिवतंय," एवढंच म्हणाला. मग सूर्यभाननं तहसीलला अर्ज दिला, आणि ऐन वैशाखात नायब तहसीलदार पंकजा मॅडम जागेची पाहणी करायला येणार असा निरोप आला. साक्षीला शेजारी म्हणून सहादेवचं नाव होतं.

आदल्या दिवशी संध्याकाळी सहादेव विहिरीवर पाणी धरायला गेला. विहीर दोन्ही घरांची सामाईक, पण मोटर आप्पाची आणि लाईटचं कनेक्शनही त्याच्याच नावावर. पाळ्या ठरलेल्या होत्या आणि आजवर कधी त्यावरून शब्दाला शब्द झाला नव्हता. आप्पा मोटरचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसून पाय धूत होता.

"लिंबोनी झ्याक हाय की यंदा," आप्पा म्हणाला.

"हाय खरी."

"उन्हाळ्यात पानी पुरलं पायजे. लिंबाला ताण बसला की फूल गळतं."

"व्हय."

बस, इतकंच. आप्पानं पाय पुसले, चपला घातल्या आणि गेला. पण सहादेव काय दुधखुळा होता? त्याला सगळं कळलं. लिंबाची ती झाडं त्यानं पोटच्या पोरासारखी वाढवली होती, टँकरचं पाणी घालून एक दुष्काळ काढला होता. पाण्याची एक पाळी हुकली असती तर बाग बसली असती.

रात्रभर त्यानं कूस बदलली आणि सकाळी बांधावर जाताना एक तोड काढली. गावची रीत अशी की असल्या भांडणात साक्षीदाराच्या हातावर खंडोबाचा भंडारा ठेवतात. भंडारा उचलला की माणूस खोटं बोलत नाही. बोलला तर त्याच्या घरादाराला भोवतं असं सगळेच मानतात, आप्पासाहेबसुद्धा. सहादेवनं मनाशी ठरवलं, भंडारा हातावर आला की खरं सांगून टाकायचं. मग आप्पाला म्हणता येईल, काय करू बाबा, देवानं बोलायला लावलं. आप्पा चिडला असता, पण देवापुढं तोही गप्प बसला असता. बघा, खरं बोलायलासुद्धा या माणसाला देवाचा आडोसा हवा होता.

बांधावर दहा-पंधरा माणसं जमली होती. पंकजा मॅडम ओढणीनं घाम टिपत उभ्या होत्या. उन्हात कांद्याच्या वाळल्या पातींचा वास उठला होता. आप्पासाहेब एका अंगाला, सूर्यभान दुसऱ्या अंगाला. सहादेव आला तो सवयीनं आप्पाच्या मागं जाऊन उभा राहिला.

"सहादेवराव, तुमचं घर इथं लागूनच. इथून वाट होती का?" मॅडमनी विचारलं.

"तसं न्हाई मॅडम," गर्दीतून गुरव पुढं आला. त्याच्या हातात पितळेची वाटी होती. "आमच्याकडं भंडारा उचलून सांगत्यात."

"मला उत्तराशी मतलब. तुमची रीत असेल तर माझी हरकत नाही."

सहादेवनं हात पुढं केला. खरंच केला. तळवा उघडा होता आणि वाटीतला पिवळा भंडारा त्याला अगदी जवळ दिसत होता. एवढ्यात रंगुबाई डोक्यावरचा पदर सावरत मध्ये आली आणि तिनं गुरवाच्या वाटीवर आपला हात आडवा धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझ्या भावाला देवाची आन नगं. ते सांगत्याल ते मला मान्य हाय."

बाया-माणसं हळहळली. कुणी तरी म्हणालंही, बहीण असावी तर अशी. गुरव मागं सरला. सहादेवचा हात तसाच पुढं राहिला, मग त्यानं तो हळूच खाली घेतला आणि धोतराला पुसला. पुसायला त्यावर काहीच नव्हतं.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

सहादेवनं एकदा विहिरीकडं बघितलं. म्हणाला, "वाट हुती. पायवाट हुती. गाडीवाट... तशी आठवत न्हाई."

अर्धं खरं बोलला. वाटलं, दोन्हीकडचं राखलं. अहो, पायवाटेनं माणूस जातो, बैल जातो. पण गाडी जात नाही, ट्रॅक्टर जात नाही, मळणीचं मशीन जात नाही. शेतकऱ्याला पायवाट देणं म्हणजे ताट देऊन भाकरी काढून घेणं. हे सहादेवला कळत नव्हतं असं थोडंच आहे? मॅडमनी लिहून घेतलं, त्याची सही घेतली. पुढं निकाल तसाच लागला. पायवाट मोकळी ठेवावी, गाडीवाटेचा पुरावा नाही.

निकाल कळला त्या दिवशी रंगुबाई वस्तीवर जाताना सहादेवच्या दारात थांबली, रतनबाईला म्हणाली, "वैनी, गाडी आता हितंच ऱ्हाईल म्हनायची. अडचन न्हाई ना?"

रतनबाई घरात आली आणि तिनं जे तोंड बंद केलं ते थेट पावसाळ्यापर्यंत. जेवायला वाढायची, म्हशीचं बघायची, पण नवऱ्याशी कामापुरतं. सहादेवला वाटायचं, हिनं भांडावं. ती भांडली नाही.

आप्पासाहेबानं पाण्याच्या पाळ्या चोख दिल्या. लिंबं अशी लगडली की फांद्यांना टेकू द्यावे लागले. माणसं बघायला यायची, म्हणायची, सहादेवराव, नशीब काढलंत. सहादेव टेकू ठाकठीक करायच्या निमित्तानं पाठ फिरवायचा. लिंबू तोडताना काटा लागला तरी त्याला वाटायचं, लागू दे, लागायलाच पाहिजे.

तिकडं सूर्यभाननं चार एकरात उडीद पेरला. बैल होते म्हणून पेरणी तरी झाली. उडीद चांगला आला, पण मळायची वेळ आली तेव्हा मशीनवाला नुसती पायवाट बघून डांबरीवरनंच परत गेला. मग नवरा-बायकोनं उडदाची ओझी डोक्यावरून वाहायला सुरुवात केली. ओढा ओलांडायचा, आप्पाच्या रानाच्या कडेनं एकामागं एक यायचं आणि सहादेवच्या खळ्यात ओझं टाकायचं. रंगुबाईचं कपाळ पदराच्या चुंबळीखाली दबलेलं, मान ताठ. प्रत्येक खेपेला ती म्हणायची, "भाऊ, जरा हात लावा." सहादेव उठून ओझं उतरवायला हात लावायचा. निम्मा उडीद रानातच होता तेव्हा पावसाची झड लागली. चार दिवसांनी ढिगाला जागच्या जागी मोड आले.

त्या दिवशी रतनबाई बोलली. सहादेव ओट्यावर गुडघ्यात मान घालून बसला होता. ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बसलायत कशावर?"

"आं?"

"वट्यावर न्हवं? ह्यो दगड कुठला?"

सहादेवनं मान वर केली.

"सूर्यभानच्या बापानं वस्तीवर हीर खांदली तवा निघालेला हाय ह्यो. फुकट दिला त्या मानसानं. मी नवी नवरी हुते. तुमी गाडी भरभरून आनत हुता, चाकं रुतायची म्हनून मामंजी मागनं रेटत हुते. कुठनं आनला वो तुमी ह्यो दगड? डोक्यावर?"

ती आत निघून गेली. सहादेवनं ओट्याच्या दगडावर हात फिरवला. काळा, पहारीच्या खुणा असलेला दगड. ते आठवत नाही असं थोडंच होतं? बांधावर "आठवत न्हाई" म्हणताना त्याला त्याच चाकोऱ्या डोळ्यांपुढं दिसत होत्या. या घराचा पायाच त्या गाडीवाटेनं आलेला. त्याला स्वतःची अशी किळस आली की ओट्यावरून उठून तो म्हशीजवळ जाऊन उभा राहिला.

तरी तो तालुक्याला गेला नाही. उद्या जाऊ, लिंबाचा तोडा होऊ दे, दसरा होऊ दे. माणूस मनाला किती तारखा देतो.

दसरा झाला आणि ऊसतोडीची टोळी निघायचा दिवस आला. दुपारी रंगुबाई ताट घेऊन आली. नेसून आलेली साडी मागच्या वर्षी सहादेवनंच दिलेली. रतनबाईनं ओट्यावर पाट मांडला, पाटाभोवती रांगोळीची रेघ ओढली आणि काही न बोलता आत गेली. सूर्यभान बैल आणायला वस्तीवर गेला होता. आता गाडी जुंपली की निघायचंच होतं.

सहादेव पाटावर बसला. टोपी सारखी केली. रंगुबाईनं निरांजन लावलं, करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू उचललं आणि ती वाकली. तिच्या कपाळावर चुंबळीचा वळ अजून होता.

"रंगू, थांब," तो म्हणाला. "म्या त्या दिशी लबाड बोललो. गाडीवाट हुती."

तिचं बोट हवेतच राहिलं. पण चेहरा काही बदलला नाही.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"म्हाईत हाय? कवापासनं?"

"त्याच दिशी. तुमी आला अन् आप्पाच्या मागं हुबं ऱ्हायला. तोंड असं उतरल्यालं. म्हनलं, ह्यो मानूस आज खरं बोलत न्हाई. अन् गुरव तर भंडारा घिऊन आलेला." तिनं ताट डाव्या हातावर सावरलं. "वाट काय, आज गेली, उद्या मिळंल. पर देवाचं घिऊन लबाड बोलला असता अन् तुमच्या घराला काय झालं असतं, मंग? मला म्हायेर म्हनून दार हाय ते एवढंच. म्हनून मधी पडले."

 इतके महिने सहादेवला वाटत होतं, हिनं भाबडेपणानं विश्वास टाकला आणि आपण तिला फसवलं. ते दुःख होतंच. पण हिला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून हिनं त्याच्यावर आपला हात धरला होता, आणि त्या हाताखाली बसून तो खुशाल खोटं बोलला होता.  आता काही तरी करून मोकळं व्हायचं, एवढंच त्याला सुचत होतं.

"उद्याच तालुक्याला जातो," तो घाईनं म्हणाला. "मॅडमला नवा जबाब देतो. भंडारा उचलून सांगतो."

"आप्पा पानी तोडंल."

"तोडू दे."

"पर भंडारा नका उचलू, भाऊ. ऐन येळेला पुन्हा मागं सरला तर? त्यापायीच तर मी..."

"न्हाई गं बाई," सहादेव म्हणाला. "भंडारा हातात असला की मला लबाड बोलताच येत न्हाई. त्या दिशी पन आलं नसतं."

शब्द निघून गेले आणि मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

रंगुबाई त्याच्याकडं बघत राहिली.  मग तिनं विचारलं, अगदी हळू, "म्हंजी मी मधी पडले नसते तर?"

खोटं बोलायची वेळ असेल तर ती हीच होती. एक शब्द फिरवला असता तर बाई समाधानानं ऊस तोडायला गेली असती. पण सहादेवची तेवढीही लायकी उरली नव्हती.

"हात पुढं केला हुता म्या," तो म्हणाला. "खरं सांगायचं ठरवूनच आलो हुतो. भंडारा हातावर पडला असता तर सांगितलंच असतं."

रंगुबाईनं ताट ओट्यावर ठेवलं. मग तीही तिथंच दगडावर बसली, त्याच्या पाटापासून हातभर अंतरावर. समोर गाडी उभी होती. तिच्या चाकाखाली गवत वाढलं होतं.

"मंग वाट मीच घालवली की," ती म्हणाली.

"न्हाई रंगू. आगं, मी..."

"मीच घालवली. अन् समदा उडीद डोक्यावर वाहिला." ती हे सहादेवला सांगत नव्हती. बोटावरचं कुंकू तिनं कधी पदराला पुसलं ते तिलाही कळलं नसावं.

सूर्यभान बैल घेऊन आला. त्यानं गाडी जुंपली, चाकं गवतातून ओढून काढली आणि हाक मारली. रंगुबाई उठली. निरांजन विझलं होतं. तिनं ताट तसंच उचललं, "येते वैनी," असं आतल्या बाजूला म्हणाली आणि गाडीवर चढून बसली. सहादेव पाटावरच होता. ओवाळणीत घालायला आतून आणून ठेवलेली नवी साडी त्याच्या मांडीवर घडी न मोडता राहिली. गाडी डांबरीला लागेपर्यंत रंगुबाईनं मागं वळून बघितलं नाही.

त्याच संध्याकाळी सहादेव आप्पाच्या घरी जाऊन आपण काय करणार ते सांगून आला. आप्पा उठला. त्यानं विहिरीवर जाऊन स्टार्टरच्या पेटीला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रतनबाईनं देव्हाऱ्यातला भंडारा रुमालाच्या टोकाला बांधून दिला. सहादेव टोपी घालून तालुक्याला निघाला. दार आता मोकळं होतं, डांबरीपर्यंत सरळ जाता येत होतं. तरी ओट्यावरून उतरल्यावर त्याचे पाय वळले, आणि जिथं गाडी उभी असायची त्या जागेला वळसा घालून तो रस्त्याला लागला.